ताकदीची गोडी

19 सप्टेंबर 2000 रोजी सिडनीत कर्णम मल्लेश्वरीने स्नॅचमध्ये 110 आणि क्लीन अँड जर्कमध्ये 130, असं एकूण 240 किलो वजन उचललं आणि ऑलिंपिक पदक मिळवणारी ती पहिली भारतीय स्त्री ठरली. पदक कांस्य होतं, सुवर्ण अवघ्या अडीच किलोंनी हुकलं. हे बहुतेकांना पाठ असतं. सहसा सांगितलं जात नाही ते असं की पुरुषांचं वेटलिफ्टिंग 1896 च्या पहिल्या आधुनिक ऑलिंपिकमध्येच होतं, पण स्त्रियांना तो मंच खुला झाला तो थेट सिडनीत. मल्लेश्वरी 1994 आणि 1995 मध्ये जगज्जेती झाली, तेव्हा तिच्या खेळाला ऑलिंपिकमध्ये जागाच नव्हती.

एवढा उशीर का झाला, याचं उत्तर शरीरशास्त्रात सापडत नाही. ते सापडतं समजुतींत, आणि त्यांतल्या बऱ्याचशा अजून घराघरांत जिवंत आहेत. मुलीने जिम लावली की आई विचारते, वजनं कशाला, चालायला जा की! डॉक्टर सांधेदुखीवर ‘वजन उचलू नका’ एवढंच सांगून मोकळे होतात. ट्रेनर बाईला सरळ ट्रेडमिलकडे पाठवतो आणि हातात दोन किलोंचे डंबेल्स देतो. तरीही बायका बारबेलपाशी येतायत आणि एकदा आल्या की टिकतायत. त्यांना तिथे नेमकं काय मिळतं आणि विज्ञान त्याबद्दल काय म्हणतं, हे एकदा सलग पाहायला हवं.

बलवान स्त्री ही काही आजची गोष्ट नव्हे. व्हिएन्नाजवळ सर्कशीच्या कुटुंबात 1884 मध्ये जन्मलेली केटी सँडविना आपल्या नवऱ्याला एका हाताने डोक्यावर उचलत असे, आणि अमेरिकेत गेल्यावर तिने सर्कशीतल्या स्त्रियांच्या मताधिकार चळवळीतही भाग घेतला. आपल्याकडे 1950 च्या दशकात बंगालच्या रेबा रक्षित छातीवरून हत्ती चालवून घेत. त्याच काळात उत्तर प्रदेशची हमीदा बानू पुरुष मल्लांना आव्हान देत गावोगाव फिरत होती. 1954 मध्ये बडोद्यात तिने बाबा पहिलवानाला 1 मिनिट 34 सेकंदांत चीत केलं. एकदा तर एका मल्लाशी ठरलेली तिची लढत कुस्ती संघटनेच्या आक्षेपामुळे रद्द करावी लागली. या सगळ्या जणींना टाळ्या मिळाल्या, पण अचंबा म्हणून. त्यांच्यासारखं आपणही व्हावं, असं प्रेक्षकांतल्या बाईला कुणी सुचवलं नाही.

ते पहिल्यांदा ठामपणे सुचवलं कॅलिफोर्नियातल्या ॲबी स्टॉकटनने. ती टेलिफोन ऑपरेटर होती. बैठ्या कामाने वजन वाढायला लागलं म्हणून लेस या मित्राने, पुढे तो तिचा नवरा झाला, तिला डंबेल्स आणून दिले. काही वर्षांतच सांता मोनिकाच्या मसल बीचवर ती त्याला, म्हणजे स्वतःपेक्षा कितीतरी जड माणसाला, हातांवर तोलून धरू लागली. 1944 पासून ‘स्ट्रेंथ अँड हेल्थ’ मासिकात तिने स्त्रियांसाठी वजनांच्या व्यायामाचं सदर चालवलं, 1947 मध्ये स्त्रियांची अधिकृत वेटलिफ्टिंग स्पर्धा भरवली आणि पुढच्याच वर्षी लॉस एंजेलिसमध्ये स्त्रियांसाठी जिम काढली. तिचे फोटो आजही पाहावेत. खांदे भक्कम, कंबर सडपातळ, चेहऱ्यावर निखळ हसू. वजनांनी बाई ‘पुरुषी’ होते या भीतीला तिने तेव्हाच उत्तर दिलं होतं.

मग ती भीती टिकली कशी? एक कारण राजकीय आहे आणि ते फार दुःखद आहे. 1970 आणि 80 च्या दशकांत पूर्व जर्मनीच्या सरकारने आपल्या खेळाडूंना, त्यांत कोवळ्या मुलींनाही, त्यांच्या नकळत स्टेरॉइड्सच्या गोळ्या दिल्या. त्या मुलींचे बदललेले आवाज आणि देह जगाने टीव्हीवर पाहिले आणि दोष व्यायामाच्या माथी मारला गेला. त्याच सुमाराला शहरी स्त्रियांना एरोबिक्सची ओळख झाली, 1982 पासून जेन फोंडाच्या व्हिडिओ कॅसेटी घरोघर पोचल्या, आणि स्त्रीचा व्यायाम म्हणजे घाम, उड्या आणि फार तर हलकी गुलाबी वजनं, हे पक्कं झालं. एरोबिक्सने लाखो स्त्रियांना घराबाहेर काढून व्यायामाला लावलं, हे श्रेय मोठंच आहे. पण त्या व्यायामाचं ध्येय बारीक होणं हे होतं. ताकद कमावणं त्याच्या हिशेबातच नव्हतं.

आता शरीराकडे वळू. स्नायू वाढवणारं टेस्टोस्टेरॉन हे संप्रेरक स्त्रीच्या रक्तात पुरुषाच्या मानाने साधारण पंधरा ते वीस पटींनी कमी असतं. त्यामुळे आठवड्यातून तीनदा बारबेल उचलून कुणी बाई मिस्टर युनिव्हर्स होत नाही. स्पर्धेतल्या शरीरसौष्ठवपटूंमागे वर्षानुवर्षांची मेहनत, मोजून घेतलेला आहार आणि काही वेळा औषधंही असतात. पण सुरुवातीच्या ताकदीच्या तुलनेत वाढ किती झाली, हे मोजलं तर स्त्रिया पुरुषांच्या मागे राहत नाहीत. दंड-खांद्यांच्या बाबतीत तर नवख्या स्त्रियांची टक्केवारीतली वाढ जरा जास्तच दिसते. मध्यम वजनाच्या लागोपाठच्या फेऱ्यांत त्या बऱ्याचदा पुरुषांपेक्षा उशिरा थकतात.

पहिल्या सहा-आठ आठवड्यांत जी झपाट्याने वाढ होते ती मुख्यतः मज्जासंस्थेची असते. मेंदू असलेल्याच स्नायूंना एकदम आणि नेमकं कामाला लावायला शिकतो. म्हणून आरशात काही बदल दिसण्याआधीच गॅसचा सिलेंडर हलका वाटू लागतो. या व्यायामाची गोडी लागण्याचं मोठं कारण इथेच असावं. वजनकाट्यावरचा आकडा महिनाभर उपाशी राहूनही हलत नाही, बारवरचा आकडा मात्र दर पंधरवड्याला पुढे सरकतो. कमी होण्याचा ध्यास सोडून काहीतरी वाढवण्याचा हा अनुभव अनेकींना आयुष्यात पहिल्यांदाच येतो, आणि तो फार सुखाचा असतो.

ही भावना मोजूनही पाहिली गेली आहे. ‘जामा सायकियाट्री’मध्ये 2018 मध्ये 33 चाचण्यांचा आणि त्यांतल्या 1,877 जणांचा एकत्रित आढावा आला. वजनांच्या व्यायामाने नैराश्याची लक्षणं कमी होतात, आणि ताकद फारशी वाढली नाही तरीही होतात, असं त्यात दिसलं. औषधाला हा पर्याय आहे असं कुणी म्हणू नये. पण आठवड्यातले दोन-तीन तास फक्त स्वतःचे असणं, त्यात एक कठीण गोष्ट जमणं आणि शेजारच्या रॅकवरच्या बाईने ‘अजून एक, येईल!’ असं ओरडणं, याचा मनावर परिणाम होणारच.

हाडांबद्दल मात्र सविस्तर बोलायला हवं, कारण सगळ्यात मोठा गैरसमज तिथे आहे.

रजोनिवृत्तीनंतर इस्ट्रोजेन घटतं आणि पुढच्या पाच-सात वर्षांत हाडांची घनता झपाट्याने उतरते. काही जणींत ही घट पंचमांशापर्यंत जाते. मग बाथरूममध्ये साधं घसरल्याचं निमित्त होतं, खुबा मोडतो, आणि स्वतःच्या पायांवर हिंडणारी बाई अंथरुणाला खिळते. अशा स्त्रियांना जपून राहायला सांगणं स्वाभाविक वाटतं. पण हाड जिवंत असतं. त्याच्यावर ताण आला की आतल्या पेशींना तो कळतो आणि तिथे नवं हाड घातलं जातं. ताण आला नाही तर आहे तेही झिजतं. हा ताण पुरेसा जोराचा असावा लागतो. पोहणं आणि सायकल हृदयाला उत्तम, पण हाडांना त्यातून फारसा संदेश मिळत नाही. चालण्याचाही उपयोग मर्यादितच.

टफ्ट्स विद्यापीठातल्या मिरियम नेल्सन यांनी 1994 मध्येच दाखवलं होतं की 50 ते 70 वयाच्या स्त्रियांनी वर्षभर आठवड्यातून दोनदा वजनं उचलली तर हाडांची घट थांबते आणि थोडी वाढही होते. तरीही हाडं ठिसूळ झालेल्या बाईला जड वजन द्यायचं धाडस कुणी करत नव्हतं. ते केलं ऑस्ट्रेलियातल्या ग्रिफिथ विद्यापीठाने. 58 च्या पुढच्या, हाडांची घनता कमी असलेल्या 101 स्त्रिया त्यांनी निवडल्या. त्यांतल्या निम्म्या जणींना आठ महिने, आठवड्यातून दोनदा, अर्धा-अर्धा तास डेडलिफ्ट, स्क्वॉट आणि डोक्यावर बार ढकलणं, शिवाय उडी मारून जोरात पाय टेकणं असा व्यायाम दिला. पहिला महिना नुसती पद्धत शिकण्यात गेला. त्यानंतर एका वेळी पेलेल अशा कमाल वजनाच्या 85 टक्क्यांहून जास्त भार, पाच-पाच वेळा, पाच फेऱ्या. 2018 मध्ये निष्कर्ष आले: या स्त्रियांच्या कमरेच्या मणक्यांची घनता सरासरी 2.9 टक्क्यांनी वाढली, आणि घरी हलका व्यायाम करणाऱ्या दुसऱ्या गटाची 1.2 टक्क्यांनी घटली. आठ महिन्यांत एकीची पाठ किरकोळ आखडली, बाकी कुणालाही इजा झाली नाही. हे सगळं प्रशिक्षित माणसाच्या नजरेखाली झालं होतं, हे विसरून चालणार नाही. साठीतल्या बाईने हे वाचून उद्या एकटीने 50 किलो उचलायला जाऊ नये. पण ‘तुम्ही काही उचलू नका’ हा सरसकट सल्ला आता बदलायला हवा.

असाच एक सल्ला स्तनांच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेनंतर दिला जात असे. काखेतल्या लसिकाग्रंथी काढल्या की हाताला सूज येऊ शकते. म्हणून पिशवी उचलू नका, नातवंडाला कडेवर घेऊ नका, असं या स्त्रियांना आयुष्यभरासाठी बजावलं जाई. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या कॅथरिन श्मिट्झ यांनी अशी सूज असलेल्या 141 स्त्रियांवर वर्षभर चाचणी घेतली. 2009 मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार, हळूहळू वजन वाढवत व्यायाम करणाऱ्यांपैकी 14 टक्के जणींना सूज बळावण्याचा त्रास झाला, तर न करणाऱ्यांपैकी 29 टक्के जणींना. ज्या गोष्टीला घाबरून इतक्या जणींनी आपली लेकरं-नातवंडं उचलली नाहीत, तिचाच त्यांना उपयोग होणार होता. हे वाचताना वाईट वाटतं आणि रागही येतो.

वयाची अडचण सांगणाऱ्यांसाठी आणखी एक जुना दाखला. 1990 मध्ये बॉस्टनच्या एका वृद्धाश्रमात मारिया फियाटारोने यांनी नव्वदीच्या आसपासच्या दहा दुबळ्या रहिवाशांना आठ आठवडे पायांचा जोरकस व्यायाम दिला. त्यांची ताकद सरासरी 174 टक्क्यांनी वाढली.

आता आपल्या मातीकडे. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी कित्येक वर्षं एक गोष्ट चिकाटीने मांडली आहे: भारतीय शरीर बारीक दिसतं, पण त्यात चरबी जास्त आणि स्नायू कमी असतात. 2004 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्यांनी ब्रिटिश सहकारी डॉ. जॉन युडकिन यांच्याबरोबरचा स्वतःचा फोटो छापला. दोघांचा बॉडी मास इंडेक्स सारखाच, 22.3, पण युडकिन यांच्या शरीरात चरबी 9.1 टक्के आणि याज्ञिकांच्या 21.2 टक्के. पुणे जिल्ह्यातल्या गावांमधल्या नवजात बाळांतही त्यांना हीच ठेवण दिसली. रक्तातली साखर सगळ्यात जास्त वापरली जाते ती स्नायूंत. तेच मुळात कमी असतील तर मधुमेह लवकर गाठतो. ‘मी बारीक आहे, मला व्यायामाची काय गरज’ हे वाक्य भारतीय बाईच्या तोंडी म्हणूनच धोक्याचं आहे. त्यातच 2022 मधल्या स्थितीवरच्या आंतरराष्ट्रीय पाहणीत 57 टक्के भारतीय स्त्रिया पुरेशी हालचाल न करणाऱ्या निघाल्या. पुरुषांत हे प्रमाण 42 टक्के होतं.

यावर एक वाजवी प्रश्न येतो. आपल्या बायकांनी वजन उचललं नाही असं कधी झालंय? पाण्याचे हंडे, सरपण, गवताचे भारे, विटा-वाळूची घमेली. बीडची ऊसतोड कामगार स्त्री 30-40 किलोंची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढते, तेही दिवसभर. मग तिला वेगळी ताकद कशाला हवी?

श्रम आणि सराव यांतला फरक इथे नीट पाहिला पाहिजे. सरावात भार स्वतः ठरवायचा असतो, तो थोडा-थोडा वाढवायचा असतो, दोन दिवसांच्या मध्ये विश्रांती असते आणि झिजलेलं भरून काढायला अन्न असतं. ऊसतोडीत यातलं काहीच नाही. भार पहिल्या दिवसापासून पूर्ण, मान आणि कमरेवर तोच तो दाब, झोप अपुरी, आणि एक दिवस खाडा झाला तर मुकादम पैसे कापतो. या खाड्याच्या भीतीपोटी कितीतरी जणींनी तिशीतच गर्भाशय काढून घेतलं. 2019 मध्ये राज्य सरकारला त्यासाठी चौकशी समिती नेमावी लागली. त्याबरोबर अंडाशयंही काढली गेली असतील तर हाडांची झीज ऐन तारुण्यातच सुरू होते. स्नायू बळकट होतो तो विश्रांतीत आणि जेवणात, आणि याच दोन गोष्टी तिला कुणी दिलेल्या नाहीत. या बाईला जिमची जाहिरात दाखवणं हा तिचा अपमान ठरेल. तिचा भार आधी कमी व्हायला हवा.

मीराबाई चानूच्या गोष्टीत हा फरक लख्ख दिसतो. मणिपूरच्या नोंगपोक काकचिंग गावात, मोठ्या भावाला न पेलणारी सरपणाची मोळी ही मुलगी सहज उचलून आणायची, असं सांगतात. तेवढ्यावर ती सरपण वाहणारी बाई झाली असती. पण मणिपूरमध्ये खेळाची परंपरा होती, जागतिक स्पर्धांत अनेक रौप्यपदकं मिळवलेली कुंजराणी देवी होती, इंफाळला प्रशिक्षण केंद्र होतं. टोकियो ऑलिंपिकमध्ये 49 किलो गटात मीराबाईने एकूण 202 किलो उचलून रौप्य मिळवलं. त्यात क्लीन अँड जर्कचे 115 किलो, म्हणजे स्वतःच्या वजनाच्या दुपटीहून जास्त!

महाराष्ट्रातही अशा जागा तयार झाल्या आहेत आणि त्या मोठ्या शहरांबाहेर आहेत, हे विशेष. पुणे जिल्ह्यातल्या वडगाव मावळच्या हर्षदा गरुडने मे 2022 मध्ये ग्रीसमध्ये ज्युनिअर जागतिक स्पर्धेत 45 किलो गटात 153 किलो उचलून सुवर्ण मिळवलं. तिच्या आधी कोणत्याही भारतीयाला, मुलग्यालाही, हे जमलं नव्हतं. पुढच्याच महिन्यात मनमाडच्या आकांक्षा व्यवहारेने मेक्सिकोत युवा जागतिक स्पर्धेचं रौप्य आणलं. सांगलीच्या काजोल सरगरने त्याच जूनमध्ये खेलो इंडिया युवा स्पर्धेत सुवर्ण जिंकलं. तिच्या वडिलांची चहा-पानाची टपरी आहे आणि भाऊ संकेत त्याच वर्षीचा राष्ट्रकुल रौप्यविजेता. गावात एक जाणता प्रशिक्षक आणि एक साधी व्यायामशाळा असली की मुली येतात.

या सगळ्या चित्रात काही गोष्टी सावधपणे घ्यायला हव्यात. 2024 मध्ये चार लाखांहून जास्त अमेरिकी लोकांच्या नोंदींवरून असं मांडलं गेलं की ताकदीचा व्यायाम नियमित करणाऱ्या स्त्रियांत मृत्यूचा धोका 19 टक्क्यांनी कमी होता, पुरुषांत 11 टक्क्यांनी. आकडा मोहात पाडणारा आहे, पण ही चाचणी नव्हे, निरीक्षण आहे. व्यायाम करणाऱ्या स्त्रिया मुळातच जास्त सुस्थितीतल्या आणि निरोगी असू शकतात. त्याच अभ्यासातली दुसरी नोंद जास्त बोलकी वाटते: तिथेही पाचातली जेमतेम एकच स्त्री हा व्यायाम करत होती.

दुसरी गोष्ट फार दबक्या आवाजात बोलली जाते. जड वजन उचलताना काही स्त्रियांना लघवी निसटण्याचा त्रास होतो, बाळंतपणानंतर जास्त. हा त्रास सामान्य आहे आणि त्यावर इलाज आहे. ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम शिकवणाऱ्या फिजिओथेरपिस्टकडे जावं; लाजून व्यायाम सोडू नये. गुंतागुंत नसलेल्या गरोदरपणात डॉक्टरांच्या सल्ल्याने वजनांचा व्यायाम चालू ठेवता येतो, हेही आता मान्य झालं आहे.

तिसरी गोष्ट ताटाची. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या 15 ते 49 वयाच्या 57 टक्के स्त्रिया रक्तक्षय असलेल्या आढळल्या, महाराष्ट्रात 54 टक्के. रक्त कमी असताना दमच टिकत नाही, म्हणून हिमोग्लोबिनची तपासणी जिमच्या फीच्या आधी करावी. प्रथिनांचा हिशेब साधा आहे. 55 किलोंच्या स्त्रीला राष्ट्रीय पोषण संस्थेच्या मानाने दिवसाला 45-46 ग्रॅम लागतात आणि वजनं उचलणारीला 65 च्या पुढे. वाटीभर आमटीतून पाच-सहाच मिळतात. त्यामुळे मटकी-मूग, दही, पनीर, शेंगदाणे, सोयाबीन, आणि खात असाल तर अंडी, मासे-मटण, हे दोन्ही वेळच्या जेवणात यायला हवं. सगळ्यांना वाढून झाल्यावर उरेल ते खाण्याची रीत यात सगळ्यात मोठा अडसर आहे, आणि ती मोडणं बारबेल उचलण्याहून अवघड आहे.

जिममधलं वातावरण हाही खरा प्रश्न आहे. 2024 मध्ये उत्तर प्रदेशच्या महिला आयोगाने जिममध्ये स्त्रियांना स्त्री ट्रेनर असावी असा प्रस्ताव मांडला, तेव्हा बराच वाद झाला. त्रास देणाऱ्यावर कारवाई व्हावी, यात शंका नाही. पण शिकलेल्या स्त्री प्रशिक्षक तयार न करताच असा नियम आणला तर बाई घरीच बसेल. आपल्याकडे उद्यानांतल्या ‘ओपन जिम’वर पहाटे साड्या-सलवारीतल्या बायकांची गर्दी असते. हुरूप भरपूर, पण त्या यंत्रांवर भार वाढवण्याची सोयच नसते. महिनाभरात शरीर सरावतं आणि ताकद आहे तिथेच थांबते. व्यायामशाळांना शासकीय अनुदान मिळतं. त्यातून स्त्रियांसाठी राखीव वेळ, प्रशिक्षिकेचं मानधन, स्त्रियांच्या मुठीला बेताचा 15 किलोंचा बार आणि सव्वा किलोपासूनच्या प्लेट्स घेता येतील. थोडा-थोडा भार वाढवायला त्या छोट्या प्लेट्सच लागतात, आणि बऱ्याच जिममध्ये नेमक्या त्याच नसतात.

घरच्या घरी सुरुवात करणारीला एवढंही लागत नाही. खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं, भिंतीला हात लावून जोर, भरलेली पिशवी पाठ सरळ ठेवून जमिनीवरून उचलणं, रेझिस्टन्स बँड ओढणं. आठवड्यातून दोन दिवस, प्रत्येकी दहा-बारा वेळा, दोन-तीन फेऱ्या. जागतिक आरोग्य संघटनेची 2020 ची शिफारसही चालण्या-पळण्याखेरीज आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंच्या व्यायामाची आहे. शेवटच्या दोन-तीन वेळा जड गेल्या पाहिजेत. त्या सोप्या वाटायला लागल्या की पिशवीत आणखी किलोभर तांदूळ घालायचा.